शनिवारची शाळा

पदव्युत्तर वर्गात मराठीच्या बोलींचा घटक शिकवताना आम्हा दोघा सहकाऱ्यांना दरवर्षी एक अनुभव येतो. वऱ्हाडी, झाडी, हळबी, अहिराणी, मालवणी ही नावे मुले भराभर सांगतात. 'बेने इस्राएलांची मराठी' असे म्हटले की वर्ग एकदम शांत होतो. नागपूरच्या विद्यार्थ्याला 'ज्यू' म्हटले की आठवते ती ॲन फ्रँकची रोजनिशी. ज्यू माणूस युरोपात राहतो, जर्मन किंवा डच बोलतो आणि छळला जातो, इथपर्यंतच त्याचे ज्ञान. नवगाव, केहीम, पेण, राजपुरी या गावांच्या नावांवरून नवगावकर, केहीमकर, पेणकर, राजपूरकर अशी आडनावे घेऊन शतकानुशतके कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि घरात मराठीच बोलणारे ज्यू त्याला माहीत नसतात. दोष त्याचा नव्हे. आमच्या अभ्यासक्रमातच त्यांना जागा नाही.

म्हणून आम्ही वर्गात सणांची नावे फळ्यावर लिहितो. हिब्रूत ज्याला रोश हशना म्हणतात तो 'नवियाचा सण'. योम किप्पूर, म्हणजे दिवसभर दारे लावून उपास करण्याचा दिवस, तो 'दारफळणीचा सण'. पुरीम हा चक्क 'होळीचा सण'. एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, गूळ आणि ओले खोबरे घालून जो प्रसाद होतो तो 'मलिदा'. एवढे लिहून होईपर्यंत मुले वह्या उघडतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ही मुले शाळेत कुठे जात?

उत्तरासाठी माझगावला जावे लागते. हायीम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी 'इस्रायलाइट स्कूल' काढले. त्याआधी या मुलांना शाळा नव्हती असे नाही. ती मिशनऱ्यांची होती. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले ते प्रामुख्याने याच समाजासाठी. त्याच स्कॉटिश परंपरेतले स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आमच्या शहराच्या चांगल्या परिचयाचे आहे, आणि मिशनरी शाळेने आपल्याला काय दिले, काय मागितले हा वाद इथल्या घराघरांत कधी ना कधी झालेला आहे. बेने इस्राएलांची अडचण त्याच जातीची. हिब्रू शिकायचे ते ज्याला आपले धर्मांतर हवे आहे त्याच्याकडून. केहीमकरांना हे नको होते. हिब्रू, धर्मशिक्षण आणि आधुनिक विद्या एकाच छपराखाली, पण आपल्या छपराखाली, अशी त्यांची खटपट होती. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून तिला काही अर्थसाहाय्यही मिळाले.

आपल्या शाळेची गरज किती खरी होती हे कळायला एक शनिवार पुरेसा आहे. आम्ही दोघेही मराठी शाळांतून शिकलो. शनिवारी सकाळची शाळा, कवायत, पांढरा गणवेश आणि दुपारी मोकळीक, हे आमच्या बालपणाचे वेळापत्रक. आता अशा मुलाची कल्पना करा, ज्याच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही, लेखणी उचलायची नसते, आणि ज्याच्या पूर्वजांना त्या दिवशी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने 'शनवार तेली' हेच नाव दिले. ते मूल सरकारी शाळेत गेले तर दर आठवड्याला एकदा त्याला घर किंवा वर्ग यांतले एक निवडावे लागणार. 'समाजाची शाळा' या शब्दांत आज आपल्याला संकुचितपणाचा वास येतो. त्या मुलाला मात्र तिथे, निदान शाळेपुरते, अल्पसंख्य असण्यातून सुटका मिळत असावी. आमच्यापैकी एकाला हे पटते. दुसऱ्याचे म्हणणे असे की अशी सुटका मुलाला पुढच्या जगासाठी कच्चे ठेवते. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

मात्र त्या शाळेच्या इतिहासातली एक व्यक्ती दुसऱ्याच्या बाजूची साक्ष देईल असे वाटते. रिबेका रूबेन. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत, म्हणजे बहुसंख्य हिंदू मुलींच्या शाळेत. 1905 च्या मॅट्रिकला त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, मुलांनाही मागे टाकून. पुढे इंग्लंडमध्ये अध्ययन केले, आणि 1922 पासून 1950 पर्यंत माझगावच्या याच शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. बाहेरच्या शाळेत घडलेली बाई आपल्या समाजाची शाळा अठ्ठावीस वर्षे चालवते. यातून कोणाचा मुद्दा सिद्ध होतो, हे वाचकांनीच ठरवावे.

समाजभावना हा शब्द आम्ही जपून वापरतो, कारण तो जितका जोडतो तितकाच भिंतीही घालतो. 1836 मध्ये डेव्हिड ससून आदी बगदादी ज्यूंनी मुंबईच्या सामाईक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत असावी असा अर्ज केला होता. खुद्द बेने इस्राएलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद पाळला जाई. मराठी मातीत राहून मराठी रोग टळला नाही, दुसरे काय! आणि तरीही पुढे याच शाळेला मोठी देणगी दिली ती मूळच्या बगदादच्या आणि हाँगकाँग-शांघायमध्ये व्यापार केलेल्या सर एली कदूरी यांनी. शाळेला त्यांचे नाव लाभले. थडग्यांमध्ये भिंत मागणाऱ्यांच्या पंथातल्या माणसाच्या नावाच्या शाळेत बेने इस्राएलांची मुले मराठीतून शिकली.

1948 नंतर ही मुले हळूहळू कमी होत गेली. त्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतांशी इस्रायलला गेला. तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. इकडे कदूरी शाळेत काय किंवा भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत काय, बाके भरली ती इतर धर्मांच्या मुलांनी. ससून शाळेतले तर बहुतेक विद्यार्थी मुसलमान.

आम्हाला हा तपशील अस्वस्थ करतो, त्याचे कारण घरचे आहे. आमच्या शहरात महापालिकेच्या कितीतरी मराठी शाळा विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाल्या. आमच्यापैकी एकाची प्राथमिक शाळाही त्यांतलीच; नाव घेत नाही. माझगावचा समाज समुद्रापार गेला आणि शाळा उरली. आमचा समाज इथेच, त्याच गल्ल्यांत, त्याच घरांत राहिला आणि शाळा गेली. ज्यांनी आपली मुले काढून इंग्रजी शाळेत घातली त्यांत मराठीचे प्राध्यापकही आहेत, हे सर्वांना ठाऊक असलेले गुपित. निस्सीम इझिकेल यांच्यासारखा बेने इस्राएल घरातला कवी इंग्रजीत वाढला, इंग्रजीत लिहीत राहिला. पण त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. हातून सुटलेल्या भाषेशी असे नाते ठेवायलाही ती भाषा कुठेतरी आधी ऐकलेली असावी लागते.

यंदा बोलींच्या घटकाला आम्ही एक स्वाध्याय जोडला आहे. 1880 च्या सुमारास बेने इस्राएलांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचायला सुरुवात केली. नारदीय कीर्तनाचा साचा त्यांनी कसा वापरला, याची टिपणे विद्यार्थ्यांनी काढायची आहेत. ग्रंथालयात साहित्य अपुरे आहे. केहीमकरांचा 1897 मध्ये लिहून झालेला बेने इस्राएलांचा इतिहास 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला, तोही इंग्रजीत, आणि आमच्या कपाटात तो नाही. बावीसपैकी सहा जणांनी विषय घेतला आहे. त्यांतल्या एकीचे आजोबा भंडाऱ्याकडे कीर्तन करीत. तिने पहिल्याच दिवशी विचारले, ''सर, पूर्वरंगात ते अभंग कोणाचा घेत असतील?''