गिब्जचे ७४

१९ मार्च २०००. नागपूर, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान. वीसच्या आत आऊट हो, १५ हजार डॉलर मिळतील, ही कॅप्टन क्रोनिएची ऑफर गिब्जच्या खिशात. पठ्ठ्याने ५३ चेंडूंत ७४ कुटले! आम्हाला काय माहीत, आम्ही टाळ्या पिटल्या.

पुढच्याच महिन्यात प्रकरण फुटलं. तरी नोकरी लागल्यावर मीही फोनवर ‘लावायला’ लागलो. आधी शंभर, मग अख्खा पगार. सोमवारी हिशेब. एका सोमवारी बाबांनी घेऊन दिलेली बाइक विकली. घरी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलीय.

बाबांनी महिनाभर काहीच विचारलं नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच्या स्कूटरची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, ‘‘ये, मॅच पाहू.’’

स्कोअर विचारायची माझी हिंमत झाली नाही.