पहिलें हिम

महाबळेश्वरीं वेण्णा तलावाजवळ, सखल जागीं आमचा लहानसा मळा आहे. गेल्या मार्गशीर्षांत एके सायंकाळीं वारा पडला व आकाश निरभ्र झालें. आजोबा म्हणाले, "बाळ, आज हिम पडेल. स्ट्रॉबेरीचे सारे वाफे झांक." मीं भिंतीवरील उष्णतामापक पाहिला, पारा ९ अंशांवर होता. म्हाताऱ्या माणसांस उगाच भीति वाटते, असें मनांत म्हणून मीं चार वाफे गवतानें झांकले व दोन तसेच टाकले.

पहाटे पारा ४ अंशांवर होता. तरी उघड्या वाफ्यांवर हिमकणांची पांढरी साय पसरली होती. दुपारपर्यंत तेथील फुलांचे गाभे काळे पडले. त्यांस आतां फळ धरणार नव्हतें.

पुढें कारण समजलें. निरभ्र, निवांत रात्रीं जमिनीची उष्णता आकाशांत निघून जाते. थंड हवा जड असल्यामुळें सखल जागीं सांचते. म्हणून भिंतीवरील पारा शून्याच्या वर असतांहि जमिनीलगतचें पान गोठतें. गवताचें पांघरूण भुईची ऊब राखतें.

आजोबा रागावले नाहींत. दुसऱ्या सायंकाळीं त्यांनीं गवताचा भारा मुकाट्यानें माझ्या हातीं दिला. त्या रात्रीं एकहि वाफा उघडा राहिला नाहीं.