ऐकू येतंय का?

वाचण्यापूर्वी : तुमच्या घराच्या छपरावर किंवा आजूबाजूला कोणकोणत्या तारा आणि खांब दिसतात? एकदा बाहेर जाऊन बघा आणि मग हा पाठ वाचा.

लहानपणी आमच्या घरात हा संवाद नेहमी चालायचा.

"दिसतंय का?"

"नाही!"

"आता?"

"मुंग्या येतायत!"

"आता?"

"आलं, आलं! हलवू नका!"

छपरावर माझे वडील असायचे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या हातात टीव्हीच्या अँटेनाचा पाइप असायचा. मी दारात उभा राहून टीव्हीकडे बघायचो आणि ओरडून सांगायचो. आमचं गाव सासवडजवळ आहे. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर, म्हणजे आमच्या मावळतीला. त्यामुळे गावातल्या सगळ्या अँटेनांचं तोंड सिंहगडाकडे असायचं. जोराचा वारा आला, की तोंड फिरायचं आणि चित्राच्या जागी मुंग्या दिसायच्या.

मी मराठी शाळेत शिकलो, पुढे संगणकाच्या कामासाठी अमेरिकेत आलो आणि आता सनीव्हेलला राहतो. अँटेना हा शब्द मी जवळजवळ विसरलो होतो. २०२३च्या मार्च महिन्यात तो पुन्हा आठवला.

त्या महिन्यात बे एरियात मोठं वादळ झालं. झाडं पडली, तारा तुटल्या, खूप घरांची वीज गेली. मी ऑफिसात होतो आणि बायको सॅन होजेला. घरी आठ वर्षांची लेक आणि भारतातून आलेले आबा, दोघंच. वीज गेली, त्यामुळे वायफाय गेलं. थोड्या वेळाने मोबाइलचा सिग्नलही गेला. तीन तास आम्हाला घरची काहीच खबर नव्हती. घरी पोचलो तर दोघं मेणबत्ती लावून पत्ते खेळत होते. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांशी बोलणं झालं. ते पूर्वी ट्रक चालवायचे. ते म्हणाले, "सीबी रेडिओ घे. त्याला टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, परवानाही लागत नाही. गाडीच्या बॅटरीवर चालतो."

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य लोकांसाठी ठेवलेला रेडिओचा पट्टा. अमेरिकेत तो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. त्यात ४० चॅनेल आहेत. नववं चॅनेल संकटाच्या वेळी वापरायचं. एकोणिसाव्या चॅनेलवर ट्रकवाले बोलतात. १९७३मध्ये तेलाची टंचाई झाली आणि पुढच्या वर्षी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. पेट्रोल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवर सांगायचे. आजोबा हे सांगताना अगदी तरुण दिसत होते.

मी रेडिओ घेतला. साध्या बोलण्यासाठी त्याची ताकद फक्त चार वॅट. एवढ्या ताकदीत आवाज लांब न्यायचा, तर सगळी भिस्त अँटेनावर. मग प्रश्न आला : कोणता अँटेना?

गावातला टीव्हीचा अँटेना बॅटरीच्या झोतासारखा होता. ज्या दिशेला तोंड, फक्त तिकडचं त्याला नीट दिसायचं. पण मला एका बाजूला फ्रीमाँटच्या मित्राशी बोलायचं होतं आणि दुसऱ्या बाजूला लॉस गॅटोसच्या डोंगराजवळ राहणाऱ्या मैत्रिणीशी. म्हणजे मला झोत नको, कंदील हवा होता. चारी बाजूंना सारखा उजेड देणारा. अशा अँटेनाला सर्वदिशी अँटेना म्हणतात. तो सरळ उभ्या काठीसारखा असतो.

लेकीने विचारलं, "बाबा, चारी बाजूंना म्हणजे वरपण?"

प्रश्न चांगला होता. त्या दिवशी नाश्त्याला मेदूवडे होते. मी एक वडा घेतला आणि त्याच्या भोकात उभी पेन्सिल धरली. "ही पेन्सिल म्हणजे अँटेना. त्याच्या लहरी अशा वड्यासारख्या पसरतात. बाजूंना भरपूर जातात. सरळ वर आणि सरळ खाली जवळजवळ जातच नाहीत."

"आणि अँटेना लांब केला तर?"

मी वडा वरून दाबला. तो चपटा झाला आणि कडा बाहेर सरकल्या. "बघ, आता तो जास्त लांब पोचला. पण पीठ तेवढंच आहे. अँटेना नवीन ताकद तयार करत नाही, आहे तीच ताकद वेगळी वाटतो."

"बाबा, आता हा वडा कोण खाणार?" लेकीने विचारलं. तो आबांनी खाल्ला.

आता थोडं गणित. २७ मेगाहर्ट्झची एक लहर साधारण ११ मीटर लांब असते. त्यावरून घरच्या सीबीसाठी तीन प्रकारचे अँटेना मिळतात.

पहिला पाव लहरीचा. त्याची काठी पावणेतीन मीटरच्या आसपास असते. पण तो एकटा काम करत नाही. त्याच्या बुडाशी तीन-चार आडव्या किंवा तिरक्या काड्या लागतात. लांबून तो कापड फाटलेल्या छत्रीसारखा दिसतो.

दुसरा अर्ध्या लहरीचा, साडेपाच मीटरच्या आसपास. त्याला छत्रीच्या काड्या लागत नाहीत, त्यामुळे तो अरुंद जागेत मावतो.

तिसरा सगळ्यात उंच. लहरीचे आठ भाग केले, तर त्यातल्या पाच भागांएवढा. म्हणजे जवळजवळ सात मीटर. तिघांमध्ये त्याचा वडा सगळ्यात चपटा.

मी अर्थातच तिसरा निवडला. मोठा म्हणजे चांगला, असा माझा हिशेब. एका गराज सेलमध्ये सत्तरच्या दशकातला जुना अॅल्युमिनियमचा अँटेना स्वस्तात मिळाला. शनिवारी सकाळी मी तो मागच्या अंगणात आणला. तीन मीटरच्या लोखंडी खांबावर बसवला. लेक म्हणाली, "मी खाली धरते." मी तो उभा करायला सुरुवात केली.

"थांब!"

आबा दारातून ओरडले. टीव्हीच्या वेळी ओरडायचे तसं नाही. हा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"खाली ठेव. आधी पोरीला बाजूला कर. आणि वर बघ."

मी वर बघितलं. आमचं घर जुनं, १९५०च्या दशकातलं. आमच्या भागात विजेचे खांब घरांच्या मागच्या कुंपणाला लागून आहेत. कुंपणावरून तारा जातात. रोज दिसतात, म्हणूनच मला त्या दिसल्या नव्हत्या. खांब आणि अँटेना मिळून दहा मीटर उंची. तारा आमच्यापासून नऊ मीटरवर. हात सुटला असता आणि अँटेना तिकडे कलला असता, तर?

अँटेना गवतावर आडवा ठेवला. मग आबा पायरीवर बसले आणि बोलले.

"आपल्या आळीतले काका आठवतात? ज्यांची दोन बोटं वाकत नाहीत?"

"हो. त्यांना शॉक बसला होता ना?"

"टीव्हीचा पाइप उभा करताना तारेला लागला. मी समोरच्या छपरावर होतो. मी बघत होतो आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. ते वाचले, हे त्यांचं नशीब. पण मी वेळेवर ओरडलो नाही, हे मला अजून आठवतं."

मला हे माहीत नव्हतं. लहानपणी आम्हाला एवढंच सांगितलं होतं की काकांना शॉक बसला. त्यानंतर आबा आम्हाला कधी छपरावर का येऊ देत नव्हते, ते मला त्या दिवशी कळलं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. त्यांनी जुना अँटेना बघितला आणि मान हलवली. मग त्यांच्या घरी असलेला नवा अँटेना दाखवला. तो फायबरग्लासच्या नळीत होता आणि त्यावर विजेच्या तारांबद्दल धोक्याची सूचना चिकटवलेली होती. अमेरिकेत घरच्या सर्वदिशी सीबी अँटेनांसाठी १९८३पासून एक सुरक्षा नियम आहे. अँटेना चुकून १४,५०० व्होल्टपर्यंतच्या तारेला लागला, तरी धरणाऱ्या माणसापर्यंत घातक वीज पोचता कामा नये. माझा अँटेना त्या नियमाच्या आधीचा, नुसता धातूचा.

मी हे आबांना मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इथेही माणसं गेली असणार. उगीच कोणी नियम करत नाही."

आम्ही तिन्ही प्रकार एकदा करून बघायचे ठरवले, पण आमच्या अंगणात नाही. फ्रीमाँटच्या मित्राच्या वसाहतीत विजेच्या तारा जमिनीखालून जातात आणि त्याचं अंगणही मोकळं आहे. पाव लहरीचा अँटेना त्याच्याकडे होताच. अर्ध्या लहरीचा आजोबांनी दिला. तिसरा माझा जुना. तुलना खरी व्हायची, तर बाकी सगळं सारखं हवं. म्हणून रेडिओ तोच, केबल तीच, तीन मीटरचा खांबही तोच. फक्त अँटेना बदलायचा. मी आणि लेक सनीव्हेलला गाडीतल्या रेडिओपाशी बसलो. मध्ये सुमारे वीस किलोमीटर अंतर आणि उपसागराचं पाणी. मित्र बोलायचा आणि लेक मीटरचा काटा बघून वहीत लिहायची.

पाव लहरीचा अँटेना : तीन. अर्ध्या लहरीचा : तीनच्या थोडा पुढे. माझा लाडका सात मीटरचा : साडेतीन.

"एवढंच?" लेक म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. मग मित्राने पाव लहरीचा लहान अँटेना पुन्हा लावला, पण खांब तीनऐवजी सहा मीटर उंच केला. काटा चारवर गेला! अँटेना कोणता, यापेक्षा तो किती उंचावर आहे, याने जास्त फरक पडला. खोक्यावर छापलेले मोठे मोठे आकडे आणि कानाला ऐकू येणारा आवाज यांत बरंच अंतर असतं, हे त्या दिवशी कळलं.

मग आमच्या घरासाठी कोणता? आबांनी नियम सांगितला : "कुठल्याही बाजूला आडवा पडला, तरी तार आणि अँटेना यांच्यात एक पुरुष जागा उरली पाहिजे." गावाकडे विहिरीची खोली पुरुषात मोजतात. एक पुरुष म्हणजे एका माणसाची उंची. आम्ही टेप घेतली. रस्त्याच्या बाजूचं गराज मागच्या तारांपासून लांब आहे. पण खांबावरून घरात येणारी तार गराजपासून आठ मीटरवर आहे. गराजच्या छपरावर दोन मीटरचा खांब धरला, तर सात मीटरचा अँटेना बाद. अर्ध्या लहरीचा पडला, तर तारेपासून जेमतेम अर्धा मीटर उरतो. तोही बाद. पाव लहरीचा पडला, तर तीन मीटरपेक्षा जास्त जागा उरते.

म्हणजे तिघांमधला सगळ्यात बुटका अँटेना जिंकला. मी नवा घेतला, काम माहीत असलेल्या माणसाकडून बसवून घेतला आणि त्याला जमिनीची तार जोडून घेतली. (मुलांनो, हे काम तुम्ही कधीही एकट्याने करायचं नाही.)

आबा जूनमध्ये परत जाणार होते. त्याआधीच्या रविवारी आम्ही सगळे रेडिओभोवती बसलो. फ्रीमाँटला मित्राची आई तयार होती. मी आबांच्या हातात माइक दिला. बोलताना बटण दाबायचं आणि ऐकताना सोडायचं, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्यांनी घसा साफ केला आणि छपरावरून ओरडायचे तेवढ्याच मोठ्या आवाजात विचारलं,

"ऐकू येतंय का?"

थोडी खरखर झाली. मग उत्तर आलं, "येतंय हो! एवढं ओरडू नका!"

लेक खूप हसली. आबा मात्र उठून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी आधी अँटेनाकडे आणि मग तारेकडे बघितलं.

शब्दार्थ

मावळती – पश्चिम दिशा
खबर – बातमी
भिस्त – भरवसा, आधार
झोत – एकाच दिशेला जाणारा उजेड
सर्वदिशी – सगळ्या दिशांना काम करणारा
कलणे – एका बाजूला झुकणे
आळी – गावातली घरांची एक ओळ किंवा छोटा भाग
बाद – न चालणारा, वगळलेला
बुटका – उंचीने कमी

विचार करा आणि लिहा

१. टीव्हीचा अँटेना आणि सीबीचा सर्वदिशी अँटेना यांत काय फरक आहे? झोत आणि कंदील हे शब्द वापरून सांगा.
२. मेदूवडा दाबला तरी 'पीठ तेवढंच' राहतं. लेखकाला यातून काय सांगायचं आहे?
३. तिन्ही अँटेनांची तुलना करताना रेडिओ, केबल आणि खांब तेच का ठेवले?
४. "उगीच कोणी नियम करत नाही," असं आबा का म्हणाले असतील?
५. तुमच्या आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा : त्यांच्या घरी टीव्हीचा अँटेना कोण फिरवायचं? त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा.