तित्तराचा रस्सा: पक्षी माळावर, चव घरात

आमच्या ग्वाल्हेरच्या घरात ज्या पदार्थाची सगळ्यात जास्त चर्चा होते, तो आता कोणीच करत नाही. तो म्हणजे तित्तराचा रस्सा. आजोबांच्या पिढीने तो पोटभर खाल्ला, बाबा-काकांनी लहानपणी चाखला आणि आम्ही भावंडांनी तो फक्त ऐकला.

तित्तर म्हणजे हिंदीतला तीतर. कोंबडीच्या कुळातला, करड्या-तपकिरी रंगाचा, जेमतेम पाव किलोचा पक्षी. आपल्या भागातल्या बोरी-बाभळीच्या झुडपांत पहाटे त्याची खणखणीत हाक आजही ऐकू येते. तो उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो आणि अगदी जवळ गेल्यावर एकदम फर्रकन उडतो. तेवढ्या क्षणात नेम साधणाऱ्याचं कौतुक व्हायचं, म्हणून त्या शिकारीला मान होता.

पण खरी परीक्षा स्वयंपाकघरात असायची. रानात धावणाऱ्या या पक्ष्याच्या अंगावर चरबी फारशी नसते. कोंबडीसारखा भराभर शिजवला तर तो कोरडा आणि वातड होतो. म्हणून आजी त्याला आधी दही, आलं-लसूण आणि हळद लावून ठेवायची. मग सढळ तुपात लवंग, मिरी, भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि खसखशीचं वाटण परतायचं, आच मंद ठेवायची. झाकणाच्या ताटात पाणी, आणि तेच तापलेलं पाणी लागेल तसं रश्शात. टोमॅटो अजिबात नाही. सोबत बाजरीची भाकरी.

दोन पक्षी आणि खाणारी चौदा माणसं, असा हिशेब असल्यामुळे रस्सा महत्त्वाचा. आजी एकदा सहज बोलून गेली, "मांस पुरुषांच्या पंगतीतच संपायचं गं. आम्हा बायकांच्या वाट्याला रस्साच." इतकी वर्षं तो शिजवणाऱ्या बाईची ही गोष्ट आमच्या शिकारकथांत कधीच नव्हती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची सोयही संपली. आज तित्तर मारणं, पकडणं, विकणं, सगळा गुन्हा आहे.

तरी गेल्या हिवाळ्यात प्रश्न आमच्या दारात आलाच. मोठ्या आजारातून उठलेले काका म्हणाले, "एकदा तित्तर खायचाय." ओळखीतल्या एकाने आणून द्यायची तयारीही दाखवली. घरात दोन तट पडले. "म्हाताऱ्या माणसाची इच्छा आहे, एकदाच तर," असं काहींचं म्हणणं. मी म्हटलं, "काका, तुमच्यासाठी काहीही करीन, पण हे नाही." काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते मला फार लागलं.

मग मी फार्मवरचे लावे आणले. हिंदीत ज्याला बटेर म्हणतात तो हा पक्षी. पाळीव जपानी जातीचा लावा भारतात १९७४ मध्ये आला. त्याची अंडी सतरा-अठरा दिवसांत उबतात आणि पाच-सहा आठवड्यांत पक्षी विक्रीला तयार होतो. मांस तित्तरापेक्षा मऊ, म्हणून वेळ कमी लागतो. बाकी सगळं आजीच्या पद्धतीने केलं, आणि या वेळी पहिलं ताट आजीला वाढलं. काका काही बोलले नाहीत, पण भाकरी दुसऱ्यांदा मागितली.

'आपली परंपरा' म्हणताना आपण बंदुकीकडे बोट दाखवतो. मला ती त्या ताटातल्या पाण्यात आणि मंद आचेत दिसते. ती टिकवायला तित्तर मारावा लागत नाही.

तुमच्या घरी असा पदार्थ असेल, तर करणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. लावे घेताना मात्र ते फार्मचेच आहेत ना, हे जरूर विचारा, कारण रानातले लावे पकडून विकणं हाही गुन्हाच आहे. आणि तित्तर अनुभवायचा असेल, तर एखाद्या पहाटे शहराबाहेर माळावर जा आणि कान देऊन उभे राहा.