नववी चिप

भाईंदर (पश्चिम)
गुढीपाडवा

चि. सायली,

तू पाठवलेला फोटो पाहिला. कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड टेबलावर मांडलेत. रॅम तेवढी घ्यायची राहिली आहे. तू स्वतः असेंबल करते आहेस याचा मला फार आनंद झाला. तू विचारलंस, की काकांच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये कमी वेगाची आणि वर महागडी रॅम का? त्यामागे आप्पांच्या वह्यांची हकिगत आहे. तू परदेशी गेल्यावर हे घडलं, त्यामुळे तुला ठाऊक नसणार.

आप्पांनी मिठागरावरचे हिशेब लिहिलेल्या वह्या तू लहानपणी माळ्यावर पाहिल्या आहेस. किती गोण्या भरल्या, कोणाला किती मजुरी दिली, कोणी किती उचल घेतली, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. कागद तुटायला लागला म्हणून आम्ही सगळ्या वह्या स्कॅन केल्या. काही महिन्यांनी त्या नव्या डिस्कवर कॉपी केल्या आणि उघडून पाहिलं, तर काही पानं बिघडलेली. वरचा अर्धा भाग शाबूत, आप्पांचं अक्षर स्वच्छ. मधे एका ओळीपाशी पान कापल्यासारखं उजवीकडे सरकलेलं आणि तिथून खाली सगळं जांभळट. दुरुस्तीवाल्याने डिस्क बदलली. नव्या डिस्कवरही तेच. शेवटी आपल्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाने पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावून रात्रभर चालू ठेवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग होती. डिस्कचा काही दोष नव्हता, रॅम खराब होती.

यातली भीतीदायक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नव्हता. ब्लू स्क्रीन नाही, कसली सूचना नाही. फाइल कॉपी होताना रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला आणि चुकीचाच मजकूर डिस्कवर लिहिला गेला. बॅकअपनेही ती चूक इमानेइतबारे उतरवून घेतली. मूळ वह्या अजून होत्या म्हणून पानं पुन्हा स्कॅन करता आली. वह्या रद्दीत दिल्या असत्या तर?

रॅम अशी का वागते, हे तुला कळायला हवं. आपल्या मुंबईत टीआयएफआरने १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू केला, तेव्हा त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत सगळी मिळून १० केबी. पण कडी एकदा चुंबकित झाली की वीज गेली तरी तशीच राहायची. आपली आजची रॅम आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेवर चालते. त्यांना १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर म्हणजे एक बिट. हा कपॅसिटर गळक्या माठासारखा असतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणून मी माझी रॅम मे महिन्यात, भर दुपारी, कॅबिनेट बंद ठेवून तपासली. डिसेंबरात पास झालेली रॅमची स्टिक भाईंदरच्या उन्हाळ्यात पास होईलच असं नाही.

बिट बाहेरच्या कारणानेही उलटतो. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की चिपच्या सिरॅमिक आवरणात अत्यल्प युरेनियम-थोरियम असेल तर त्यातून निघणारे अल्फा कण बिट पालटू शकतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळेही तसं होतं. तुझ्या शेजारच्या बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या स्कारबेकमध्ये, १८ मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. शक्य होती त्यापेक्षा मतं जास्त भरली, म्हणून चूक सापडली. प्रोग्रॅममध्ये दोष मिळाला नाही. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तेव्हा एकच बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला.

तरी घरच्या कॉम्प्युटरमध्ये अवकाशापेक्षा खराब स्टिकची भीती जास्त. गूगलच्या सर्व्हरांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकांमध्ये चुका आढळल्या, आणि त्यातल्या बहुतेक, स्टिकमध्येच कायमचा दोष असल्यासारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या होत्या. म्हणूनच नवी रॅम आणल्याबरोबर तपासण्यात अर्थ आहे. दोष असेल तर तो सापडतो, आणि बिल असेल तर स्टिक बदलून मिळते.

आता माझ्या महाग रॅमविषयी. तिला ईसीसी म्हणतात. बेल लॅब्जचे रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी मशिनवर काम लावून जायचे आणि सोमवारी येऊन पाहावं तर मशिनने चूक पकडून काम सोडून दिलेलं असायचं. चूक झाली हे मशिनला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या विचारातून त्यांनी १९५० मध्ये चूक दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत मांडली. ईसीसी रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ बिट साक्षीला असतात. एक बिट चुकला तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो आणि त्याची नोंद होते; दोन चुकले तर निदान आरडाओरड होते. माझ्या डीडीआर४ स्टिकवर एका बाजूला आठऐवजी नऊ चिप आहेत. त्या नवव्या चिपचे मी जास्त पैसे मोजले.

घेताना मात्र सांभाळ. ग्रँट रोडला उतरून मी लॅमिंग्टन रोडवर गेलो, तेव्हा सर्व्हरमधून काढलेली ईसीसी रॅम निम्म्या भावात समोर ठेवली गेली. ती 'रजिस्टर्ड' होती. घरगुती मदरबोर्डवर ती चालत नाही. तुला 'अनबफर्ड' ईसीसी हवी. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ती मानतात का, हे बोर्डाच्या कंपनीच्या यादीत बघ. रायझनच्या पुष्कळ बोर्डांवर चालते. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या कोअर प्रोसेसरांना डब्ल्यू६८० सारखा वर्कस्टेशनचा चिपसेट लागतो. डीडीआर५ मध्ये 'ऑन-डाय ईसीसी' असते, ती म्हणजे ही नव्हे. ती चिपच्या आतलं सावरते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काय झालं, ते तिला कळत नाही.

ईसीसी जमलीच नाही, तर साधी रॅम घे, पण दोन्ही स्टिक एकाच किटमधल्या घे. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा एक्सएमपी चालू केल्यावरचा असतो, म्हणजे प्रमाणित वेगाच्या वर ताणलेला. रोजच्या कामात तो फरक जाणवतही नाही. प्रमाणित वेगावर चालव आणि रात्रभर मेमटेस्ट लाव. एकही लाल ओळ आली तर परत कर. एकच तर आहे म्हणून सोडून देऊ नकोस.

आणि ते खोडरबर! इकडे कॉम्प्युटर सुरू झाला नाही की रॅम काढून खोडरबराने पुसतात. खाडीच्या दमट, खारट हवेत स्टिकच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो, तो निघतो, म्हणून उपाय लागू पडतो. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासून घासून तो जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हलकेच पूस.

भाव भडकले आहेत, हे मला माहीत आहे. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम ओढून घ्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून पैसे कमी पडत असतील तर ३२ जीबीऐवजी १६ जीबी घे, पण ईसीसी घे. तुझा प्रबंध त्याच कॉम्प्युटरवर लिहिला जाणार आहे. ऑर्डर करण्याआधी बोर्डाचं नाव आणि रॅमचा पार्ट नंबर मला कळव. उरलेले पैसे मी भरतो.

तुझा,
सुधीरकाका