साखरी नाटे : दर्याला सातबारा नाही

रत्नागिरीहून सकाळी निघालो. पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे अशी गावे एकेक करून मागे पडत होती. कधी आंब्याच्या बागा, कधी उघडा कातळ, आणि मध्येच उजव्या हाताला चमकणारा दर्या. मे महिना अर्धा सरला होता. मुलांना सुटी होती आणि नाट्याच्या खालाचे आमंत्रण तीन वर्षांपासून पडून होते. "येतो येतो म्हणता आणि पावसाळा येतो," असे तिने फोनवर सुनावले, तेव्हा निघावेच लागले.

राजापूर तालुक्यातले साखरी नाटे हे खाडीच्या मुखाजवळचे मच्छीमारांचे गाव. वस्ती बरीचशी मुस्लिम आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एकच, मासेमारी. जवळच यशवंतगड उभा आहे. पुढे मुसाकाजीचे बंदर आणि आंबोळगड. खाडीच्या पलीकडे जैतापूर आणि त्याच्या पुढे माडबनचा सडा. या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्याचे मुळात ठरले होते. प्रकल्पाला नाव जैतापूरचे, जमीन मुख्यतः माडबन परिसराची, आणि ज्या पाण्यावर त्याची सारी मदार, त्याच पाण्यावर नाट्याचे पोट.

दुसऱ्या दिवशी फज्रची नमाज पढून खालू बंदरावर निघाले, तेव्हा मी आणि माझा नववीतला मुलगा त्यांच्याबरोबर गेलो. होड्या लागत होत्या. बांगडा, कोळंबी, सुरमई टोपल्यांत उतरत होती. लिलावाचा गलबला, बर्फ फोडण्याचा आवाज, मासळी निवडणाऱ्या बायकांची लगबग. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. त्याआधीचे हे शेवटचे दिवस, म्हणून सगळ्यांनाच घाई. मासा पकडणारे खलाशी, जाळी शिवणारे, बर्फवाले, टेम्पोवाले, मासळी सुकवणाऱ्या बायका. एका होडीमागे किती चुली पेटतात, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

मुलाने न राहवून विचारले, "नाना, वीज तर सगळ्यांनाच लागते. मग प्रकल्प का नको?"

मला थोडे अवघडल्यासारखे झाले, पण खालू हसले. "लागते की! हा बर्फसुद्धा विजेवरच होतो. आम्ही विजेला कधी नाही म्हटलं? पण बेटा, ज्याची जमीन गेली त्याला नोटीस आली. त्याच्या नावावर सातबारा आहे. माझ्या नावावर काय आहे? होडी. दर्याला सातबारा नाही. मग माझं काय जाणार आहे, ते कोण मोजणार?"

त्या दिवसभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

दुपारी आम्ही खाडीवरचा पूल ओलांडून माडबनला गेलो. जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा, त्यावर वाळलेले गवत, खाली समुद्र आणि दूरवर दीपगृह. पावसाळ्यात हाच सडा हिरवागार होतो. आता तिथे प्रकल्पाची कुंपणभिंत दिसते. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या परिसरातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन यासाठी घेतली गेली. सुरुवातीला बहुतेक जमीनमालकांनी धनादेश नाकारले. २०१३ मध्ये हेक्टरी २२.५ लाख रुपयांचा दर जाहीर झाला आणि त्यानंतर अनेकांनी रक्कम घेतली.

चहाच्या टपरीवर भेटलेले एक गृहस्थ त्यांतलेच. ते म्हणाले, "ताई, पैसे घेतले म्हणून आम्हाला नावं ठेवतात. पण इथं कातळावर पिकतं काय? पोरं मुंबईला गेली ती गेली. चार नोकऱ्या इथं आल्या तर घरं उघडी राहतील." त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. वाटेत कुलूप लावलेली कितीतरी घरे मीच पाहिली होती. कोळसा जाळून वीज करण्याची किंमत चंद्रपूरसारख्या शहरांची हवा मोजते आहे. अणुभट्टीतून तसा धूर निघत नाही, हेही खरे.

मग नाट्याचा आक्षेप कशाला? मुलाला समजावे म्हणून मी वहीवर हिशेब मांडला. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी उकळून वाफेवर चाते फिरवण्याचेच यंत्र. निर्माण झालेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली दोन तृतीयांश उष्णता कुठेतरी सोडावी लागते. किनाऱ्यावरच्या प्रकल्पात ती समुद्रात जाते. समुद्राचे पाणी आत घ्यायचे, त्याने वाफ थंड करायची आणि कोमट झालेले पाणी परत सोडायचे. ९,९०० मेगावॉट वीज म्हणजे त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त उष्णता पाण्यात, दिवसरात्र. प्रकल्पाची बाजू अशी की तापमानवाढीला मर्यादा घातलेली आहे आणि पाणी दूर समुद्रात सोडले जाईल. मच्छीमारांचे म्हणणे असे की अंडी घालणारा मासा अर्ध्या अंशाचा फरकही ओळखतो आणि जागा सोडतो. शिवाय अणुप्रकल्प म्हटला की सुरक्षा आली. होड्यांना कुठपर्यंत जाऊ देतील, हा प्रश्न वेगळाच.

या वादाला जखमही आहे. २८ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटी घालून मंजुरी दिली. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि गावोगावची भीती वाढली. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात गावातला एक तरुण मृत्युमुखी पडला. खाला त्या दिवसाबद्दल फारसे बोलत नाही. एवढेच म्हणाली, "जनाज्याला कोण आपला, कोण परका, ते दिसलंच नाही. सगळे होते." हिंदू शेतकरी आणि मुस्लिम मच्छीमार या प्रश्नावर एकत्र राहिले, याचा तिला आजही अभिमान आहे.

प्रकल्प मात्र अजून कागदावरच आहे. आधी आरेवा, मग ईडीएफ या फ्रेंच कंपनीशी बोलणी झाली. ईडीएफने एप्रिल २०२१ मध्ये आपला प्रस्ताव दिला. विजेचा दर किती आणि अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची, यावर चर्चेच्या फेऱ्या होत राहिल्या. याच जातीची फ्रान्समधली फ्लामांव्हिलची अणुभट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, ती वीजजाळ्याला जोडायला डिसेंबर २०२४ उजाडला. म्हणजे माडबनला उद्या सुरुवात झाली, तरी पहिला दिवा लागेपर्यंत माझा नववीतला मुलगा बापमाणूस झालेला असेल. इतका वेळ हाताशी असताना लोकांना विचारायलाच वेळ नाही, असे म्हणता येणार नाही.

आपल्या राज्यात तारापूरचे उदाहरण आहेच. तिथे १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. नाट्याची माणसे ते ऐकून आहेत.

मगरिबनंतर आम्ही ओट्यावर बसलो होतो. खालू म्हणाले, "पाणी, चारा आणि आग यांत सगळ्यांचा वाटा आहे, असं आपल्याला हदीसमध्ये सांगितलंय. वीज म्हणजे आगच. ती मुंबईच्या माणसालाही मिळू दे. पण पाण्यातला आमचा वाटा कुणी विसरू नये."

प्रकल्प व्हावा की न व्हावा, याचा निवाडा मी चार दिवसांच्या पाहुणीने काय करावा? पण एवढे नक्की वाटते की ज्याच्या नावावर कागद नाही, त्याचाही हक्क असतो. कुठल्या हंगामात कुठे किती मासा मिळतो आणि त्यावर किती घरे चालतात, याची नोंद गावाला सोबत घेऊन आधी करा, ती सगळ्यांसमोर ठेवा आणि मग बोला.

निघताना खालाने सुकट आणि सुके बांगडे बांधून दिले. मुलाने नानांना विचारले, "पुढच्या मे महिन्यात होडीतून नेणार ना?"

"इन्शाअल्लाह," खालू म्हणाले. अल्लाह त्यांच्या रोजीत बरकत देवो आणि त्यांचा दर्या असाच भरलेला राहो.