कुलूप लागले, पण दोष कुणाचा?

बेळगावातल्या एका सहकारी संस्थेच्या संगणकांची देखभाल मी करते. तिथे सर्व कर्मचाऱ्यांची नावे आणि पासवर्ड एकाच ठिकाणी, डिरेक्टरी सर्व्हरवर असतात. हजेरीचे मस्टर असते ना, तसेच. कोणत्याही संगणकापुढे बसा, तो आधी या मस्टरला विचारतो, 'यांना आत घेऊ का?'

मस्टरचे नियम दोन. पासवर्डची मुदत ९० दिवस. आमच्या सर्व्हरला ती सेकंदांत सांगावी लागते, ७७,७६,०००! दुसरा नियम, ५ वेळा पासवर्ड चुकला की खाते बंद. कुणी चोराने अंदाज बांधत बसू नये म्हणून. खाते बंद झाले तरी पडद्यावर मात्र 'पासवर्ड चुकीचा' एवढेच येते. चोराला सुगावा लागू नये हा हेतू. पण त्याचा भुर्दंड सज्जनाला पडतो.

निवृत्तीला आलेले आमचे एक काका आठवड्यात तीनदा अडकले. "ताई, वय झालं हो. डोक्यात काही राहत नाही आता," म्हणाले. चारचौघे हसले. मी सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या, तर चुकीचे प्रयत्न पहाटे तीनलाही झालेले! तेव्हा काका घरी झोपलेले. मुलाने त्यांच्या मोबाईलवर ऑफिसचे मेल चालू करून दिले होते. मुदत संपल्यावर काकांनी ऑफिसात पासवर्ड बदलला, मोबाईलमध्ये जुनाच राहिला. तो बिचारा इमानाने रात्रंदिवस दार ठोठावत होता! त्यात नवा पासवर्ड घातला, खाते उघडले, आणि काकांची मानही वर झाली.

मुळात ही मुदत हवीच कशाला? ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याचा सल्ला अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी संस्थेसाठी लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नका, असे सांगितले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारशींतून मुदत काढली. कारण साधे आहे. माणसे शेवटच्या १ चा २ करतात, नाहीतर चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतात.

मुदत काढण्याचा निर्णय आमच्या संचालक मंडळाचा. कुलूप मात्र हवेच. फक्त ते १५ मिनिटांनी आपोआप उघडेल, एवढी सोय मी केली आहे.

तुमच्या घरातल्या कुणाचे खाते असे वारंवार बंद पडत असेल, तर आधी त्यांचा मोबाईल तपासा. वयाकडे बोट दाखवायची घाई नको.